सज्ज्याचं भाडं

शाळेच्या पुस्तकात वसंत ऋतू कोकिळेसोबत येतो. आमच्या वऱ्हाडातल्या कामरगावात तो कूलरसोबत येतो. होळी जळाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी घाम पुसत म्हणतं, ‘कूलर काढा बाप्पा आता,’ आणि तिथून आमच्या घराची उन्हाळी साफसफाई सुरू होते. कारण कूलर पावसाळ्याच्या तोंडाशी शेवटच्या खोलीत, शेवटच्या भिंतीला टेकवलेला असतो आणि पुढचे आठ-नऊ महिने घर त्याच्यासमोर साचत गेलेलं असतं. त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर आधी अख्खं घर अंगणात आणावं लागतं. नवरात्रात घट बसायच्या आधी घर काढतो तेव्हा देवीपुढे थोडी लबाडी खपते. चार गाठोडी पडद्यामागे ढकलली तरी ती रागावत नाही. बेचाळीस अंशांपुढे लबाडी खपत नाही.

यंदा या कामाला पुण्याहून मार्गदर्शनही लाभलं. पुण्याला असतात ते आमचे धाकटे बंधू. त्यांनी घरच्या ग्रुपवर मारी कोंडो या जपानी बाईची पद्धत पाठवली. एकेक वस्तू हातात घ्यायची, मनाला विचारायचं की हिच्यामुळे आनंद होतो का, आणि नसेल होत तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. मोठीआईने प्रयोग म्हणून दांडा तुटलेली कढई हातात घेतली, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘आनंद कायचा आला याच्यात? पकडीनं धरा लागते. पण राहू द्या, कामी पडते.’ कढई परत सज्ज्यावर गेली.

या बाईंची मालिका २०१९ च्या पहिल्याच दिवशी नेटफ्लिक्सवर आली आणि तिने जगभरातल्या आलमाऱ्या रिकाम्या केल्या. पुढची बातमी मात्र बंधूंनी ग्रुपवर टाकली नाही. २०२३ मध्ये बाईंनी स्वतःच सांगून टाकलं, की तिसरं मूल झाल्यापासून घर आवरण्याचा नाद आपण जवळजवळ सोडून दिला आहे. तीन लेकरांत जपानने हात टेकले. आमच्याकडे मे महिन्यात किती लेकरं मुक्कामाला आहेत, हे पंगत बसल्याशिवाय कळत नाही.

बंधूंचा स्वतःचा फ्लॅट मात्र पाहण्यासारखा आहे. पांढऱ्या भिंती, एक सोफा, एक मनीप्लांट. पाहुणे आले की ते हात फिरवून सांगतात, आम्ही सामान ठेवतच नाही. खरं आहे, ते ठेवत नाहीत; आम्ही ठेवतो. आमच्या सज्ज्यावर त्यांची घडीची ट्रेडमिल आहे, लेकीचा वॉकर आणि नंतरच्या दोन सायकली आहेत, इंजिनिअरिंगची पुस्तकं आहेत, आणि सुटकेसएवढा जाड एक मॉनिटर आहे, ज्याच्यात म्हणे ‘जुने फोटो असतील’. मॉनिटरमध्ये फोटो नसतात, हे संगणक शिकलेल्या माणसाला कोण सांगणार? पुण्यात जो साधेपणा नांदतो, त्याचं वजन कामरगावच्या सज्ज्याला पेलावं लागतं.

आमचा स्वतःचा पसाराही कमी नाही, हे कबूल. लग्नातल्या आहेराचे गंज आणि गुंड आहेत. ते टाकता येत नाहीत, कारण प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख कोरलेली आहे आणि देणारा अजून हिंडता-फिरता आहे. ब्लाउज पीसचं वेगळं. ते शिवायचे नसतातच मुळी. ते एका घरात ओटीत पडतात, दुसऱ्या घरी ओटीतून जातात, आणि पाच-सात वर्षांनी फिरून घरी आले की वहिनी घडीवरून ओळखते. शाल, टोपी आणि दुपट्ट्याची गतही तीच. शिवाय ग्रामस्वच्छतेच्या कार्यक्रमांतून मिळालेली स्मृतिचिन्हं आहेत, काचेच्या पेटीतली. शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीत मामाच्या घरी वाढलेल्या गाडगेबाबांची जन्मभराची मालमत्ता म्हणजे एक खराटा, एक फुटकं गाडगं आणि अंगावरच्या चिंध्या. राज्य सरकारने २००० साली त्यांच्या नावाने अभियान काढलं, ते चांगलंच झालं; फक्त त्यातून निघालेली स्मृतिचिन्हं झाडायला आता वेगळा खराटा लागतो.

या सगळ्या पसाऱ्यावर पुतण्याने तोड सुचवली. तो तलाठी भरतीचा अभ्यास करतो, त्यामुळे घरात सगळ्यात जास्त नियम त्याला पाठ आहेत. सरकारी कार्यालयांत कागद लावायची सहा गठ्ठे पद्धत असते. आपण तीच लावू, असं त्याचं म्हणणं. लखिना नावाच्या कलेक्टरांनी १९८० च्या दशकात नगरचं कार्यालय असंच लख्ख केलं होतं, हेही त्याने ऐकवलं. अंगणात खडूने सहा चौकोन आखले. प्रलंबितच्या चौकोनात मोटर जळालेलं मिक्सर आणि बटणं तुटलेले शर्ट गेले. नियतकालिकमध्ये कूलर, गणपतीचं मखर आणि कुरडयांचा सोऱ्या. स्थायी आदेशाच्या चौकोनात ठेवायला वस्तू नव्हती, पण ‘कामी पडते’ हे वाक्य होतंच, म्हणून तिथे मोठीआई खुर्ची टाकून बसली. अभिलेख कक्षात पाठवायचा गठ्ठा दुपारपर्यंत चौकोन ओलांडून तुळशीपाशी गेला. ‘नष्ट करावयाचे’ या सहाव्या चौकोनात संध्याकाळी फक्त मांजर झोपलेली होती.

खरं घोडं अडलं ते पत्र्याच्या ट्रंकेवर. तीत कागद आहेत. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने शंभर दिवसांचा कार्यक्रम काढला आणि कार्यालयांना फर्मावलं, जुन्या फायली निकाली काढा, मोडकं सामान निर्लेखित करा. उत्तम. पण त्याच सरकारच्या खिडकीवर लेकराच्या जातीच्या दाखल्यासाठी उभं राहा. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा आणा. भटके-विमुक्त असाल तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या, अनुसूचित जातीचे असाल तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे आबाजीची टीसी, कोतवाल बुकाची नक्कल, असलं काहीतरी. मूळ रजिस्टरची नक्कल मागायला गेलं तर एका कार्यालयातून आम्हाला लेखी उत्तर मिळालं: अभिलेख जीर्ण झाल्याने नक्कल देता येत नाही. त्यांचा जीर्ण झाला तर चालतो. आमचा झाला तर नातवाचा प्रवेश जातो.

त्यामुळे या ट्रंकेत जेवढं राज्यशास्त्र आहे तेवढं पुतण्याच्या गाईडमध्ये नाही. सगळ्यात खालचे कागद मध्यप्रांत-वऱ्हाडचे. त्यावर मध्यप्रदेशचे, कारण तेव्हा आपली राजधानी नागपूर होती. १९५६ नंतरचे मुंबई राज्याचे, १९६० नंतरचे महाराष्ट्राचे. १ जुलै १९९८ पर्यंतच्या कागदांवर जिल्हा अकोला, त्यानंतरच्यांवर वाशिम. आबाजी जन्मभर एकाच ओसरीवर बसून होते. राज्यं आणि जिल्हे त्यांच्या अंगावरून गेले. सरकारने आपली कपाटं मोकळी केली आणि अभिलेख कक्ष आमच्या पलंगाखाली सरकवला. त्याला उंदीर लागू नये म्हणून डांबरगोळ्या आम्हीच घालायच्या.

आता शेवटची खोली. तिच्यात कापूस आहे. ज्याने वऱ्हाडातलं शेतकऱ्याचं घर पाहिलं नाही त्याला हे सांगावं लागेल, की इथे कापूस कधीकधी माणसांपेक्षा चांगल्या खोलीत राहतो. २०२२ च्या उन्हाळ्यात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. मग पुढच्या हंगामात सगळ्यांनी तोच भाव परत येईल म्हणून कापूस घरात कोंडला. भाव आला नाही, खाज आली. अंगभर पुरळ उठलेली माणसं ओसरीवर झोपली आणि कापूस पंख्याखाली. सोयाबीनचंही तेच: २०२१ च्या ऑगस्टात दहा हजारांना शिवून आलं, आणि तेव्हापासून दरवर्षी काही पोती त्या आठवणीत भिंतीला टेकून बसतात. मारी कोंडोच्या हिशेबाने विचारायचं तर कापूस हातात घेतल्यावर आनंद होतो का? होतो. विकल्यावर जातो.

पुतण्या म्हणाला, हे गठ्ठा क्रमांक दोन, प्रतीक्षाधीन. व्यापाऱ्याला माल हवा तेव्हा हवा असतो, तोवर त्याची गिरणी मोकळी, आमची खोली भरलेली. सरकारी खरेदीत जावं तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. ओलावा कमी होईपर्यंत माल कुठे ठेवायचा, हे कोणत्याही परिपत्रकात नसतं. ते आमच्या घरात असतं. २०२४-२५ च्या हंगामात तर कळसच झाला. सोयाबीनची हमीभाव खरेदी राज्यात ठिकठिकाणी अडली, कारण बारदाना नव्हता. एवढ्या मोठ्या सरकारकडे पोती नव्हती! आमच्या सज्ज्यावर ट्रेडमिलच्या मागे चुंगड्यांची थप्पी होती, जी टाकून देण्यावरून सूनबाई आणि मोठीआईत दोन दिवाळ्यांचा अबोला झाला होता. बारदान्याची बातमी आली त्या दिवशी मोठीआई बातम्या संपेपर्यंत टीव्हीसमोरून उठली नाही. नंतर एवढंच म्हणाली, ‘मंग? फेकतं काहून म्हनत होती मी?’

तेव्हा यंदा आम्ही काही फेकायच्या ऐवजी दरपत्रक काढलं. वखार महामंडळ पोत्यामागे भाडं घेतं, मग आम्ही का नको? शासनाकडून जपलेल्या प्रत्येक कागदामागे वर्षाचा एक रुपया, डांबरगोळ्या वेगळ्या. गिरण्यांकडून कापसाच्या खोलीचं मासिक भाडं, खाजेचं मलम वेगळं. पुण्याच्या सामानाला घनफुटावर दर, ट्रेडमिलला जास्त, कारण तिच्यावर पापड वाळत घालता येत नाहीत. पुतण्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, जावक क्रमांक टाकला आणि फोटो काढून ग्रुपवर पाठवला.

शासनाचं आणि गिरण्यांचं उत्तर यायचं आहे. पुण्याचं दहा मिनिटांत आलं. आधी हसणारे तीन चेहरे, मग मजकूर: भाड्याचं निवांत बोलू. आम्ही नवा सोफा घेतोय, जुना अजून एकदम चांगला आहे. सोमवारी टेम्पोत टाकतो, दोन माणसं उतरवून घ्यायला ठेवा. टेम्पोवाल्याचे पैसे सध्या तुम्ही द्या.