उंच माझा पलंग

नेदरलँड्समध्ये मूल जन्माला घालायचं असेल तर आधी पलंग उंच करावा लागतो. थट्टा नाही. सदतिसावा आठवडा लागायच्या आत गादीचा वरचा काठ जमिनीपासून किमान ७० सेंटिमीटरवर पाहिजे, पलंगाच्या दोन्ही लांब बाजूंनी माणूस फिरेल एवढी जागा पाहिजे, दोन बादल्या पाहिजेत, आणि बाळाचं अंथरूण उबदार राहावं म्हणून धातूची गरम पाण्याची बाटली पाहिजे. अशी छापील यादीच हातात मिळते. यादीत नवऱ्याचा कुठेही उल्लेख नव्हता. बहुधा त्यामुळेच त्याने ती ताब्यात घेतली.

हा सगळा खटाटोप ‘क्रामझोर्ख’साठी. बाळंतपणानंतर घरी येणारी ही प्रशिक्षित बाई आठवडाभर रोज काही तास येते, टाके बघते, बाळाला अंघोळ घालते, दूध पाजायला शिकवते, बाथरूम घासते आणि बाळ बघायला आलेल्यांना चहासुद्धा करून देते. आरोग्यविम्याच्या मूळ पॅकेजमध्येच ती येते. किमान २४ तास, जास्तीत जास्त ८०, दर तासाला थोडे पैसे आपले. शंभरातली दहा-पंधरा बाळं इथे आजही घरीच जन्मतात. पण दवाखान्यात बाळंत झालात तरी पलंगातून सुटका नाही, कारण सगळं ठीक असलं तर काही तासांत घरी पाठवतात आणि क्रामझोर्खच्या बाईने खाली वाकायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे पलंग माझा, बाळ माझं, कळा माझ्या. उंची मात्र तिच्या पाठीची.

आमच्याकडे साताऱ्याला पहिलं बाळंतपण माहेरी. इथे विमा कंपनी आठवड्याचं माहेर मंजूर करते आणि त्याला सेंटिमीटरची अट घालते.

आमचा पलंग भरला ४५. नवरा डेल्फ्टच्या विद्यापीठात समुद्राच्या बंधाऱ्यांवर संशोधन करतो. या देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली असल्यामुळे त्याला इथे काम कमी पडणार नाही. शंभर वर्षांनी समुद्र कुठवर येईल याचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने पलंगाचाही तक्ता केला. गादी दबते किती, मी बसल्यावर दबते किती (या रकान्यावरून आमचं एक संध्याकाळभर वाजलं), सुरक्षिततेसाठी वर किती धरायचं. निष्कर्ष निघाला, पायांखाली २७ सेंटिमीटरचे चार ठोकळे. तसे ठोकळे इथे भाड्याने मिळतात. दुकान डेन हाखला (म्हणजे आपल्या हेगला), घरपोच सोय होती. “चार ठोकळ्यांना घरपोच कशाला? तेवढंच फिरणं होईल,” नवरा म्हणाला.

फिरण्याविषयी माझं मत तोवर फार ठाम झालं होतं. माझे पाय मला दिसेनासे झाले होते, भूक दर तासाला लागत होती, आणि डेल्फ्टमध्ये बघण्यासारखं होतं ते मी आकार असताना बघून घेतलं होतं. कालवे, निळ्या नक्षीच्या बशा, जुन्या चर्चचा कललेला मनोरा. त्या चर्चमध्ये चित्रकार व्हर्मीर पुरला आहे. पर्यटक त्याच्या चित्रांसाठी येतात. ती जेमतेम पस्तीस-छत्तीस. त्याची बायको कॅथरिना हिने मुलं जन्माला घातली पंधरा. चार तान्हेपणीच गेली, आणि १६७५ मध्ये नवरा गेला तेव्हा तिच्या पदरी अकरा मुलं आणि डोक्यावर कर्ज होतं. मला आता त्या मोत्याच्या डुलवालीपेक्षा कॅथरिनाविषयी जास्त विचारायचं असतं. तिच्या पलंगाची उंची किती होती?

तर आम्ही डेन हाखला गेलो. ठोकळे भक्कम लाकडी निघाले, वर पलंगाचा पाय बसेल एवढी खोबण. दोन नवऱ्याच्या पाठपिशवीत, दोन त्याच्या काखेत. दुकानदाराने दोघांचं अभिनंदन केलं आणि अनामत रक्कम घेतली.

डेल्फ्टला एक नंबरची ट्राम जाते. तीच एक नंबरची ट्राम उलट्या बाजूला स्खेवेनिंगनच्या समुद्रावर जाते. समोर आली ती “एक नंबर!” असं पुण्याच्या थाटात म्हणत नवऱ्याने मला आत चढवलं. एका पोराने उठून खिडकीची जागा दिली. ऊन छान होतं. थोड्या वेळाने डावीकडे एक प्रचंड महाल आला. मी विचारलं, “हा पीस पॅलेस ना?”

“हो. १९१३चा. आंतरराष्ट्रीय न्यायालय.”

“तो डेल्फ्टच्या वाटेवर आहे?”

नवरा गप्प. मग म्हणाला, “ट्राम वळत असेल.” मी म्हटलं, बंधारे बांधणाऱ्या माणसाला समुद्र कुठल्या बाजूला आहे एवढं तरी ठाऊक असावं. तो म्हणाला, खिडकीत तू बसली होतीस. जगातल्या देशांची भांडणं जिथे मिटवतात त्या दारासमोर आम्ही दोघं मराठीत कडाडून भांडलो. कुलभूषण जाधवांचा खटला इथेच चालला. नागपूरचे हरीश साळवे तो एक रुपया मानधनावर लढले. मी त्या क्षणी दोन द्यायला तयार होते.

उतरून उलट ट्राम धरावी, हा शहाणपणाचा मार्ग होता. पण मला जागा मिळालेली होती, आणि नवव्या महिन्यात मिळालेली जागा केवळ दिशा चुकली म्हणून सोडायची नसते.

समोरच्या सीटवर एक म्हातारी बसली होती. ऐंशीच्या पुढची असावी, ओठांना लिपस्टिक, मांडीवर कांद्याच्या पातीची जुडी. तिने नवऱ्याच्या काखेतले ठोकळे पाहिले, मग माझं पोट पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. या देशात लाकडाचे चार ठोकळे बघून पेढे मागावेत, इतकं ते उघड गुपित आहे. ती डचमध्ये भराभरा बोलू लागली. माझं डच भाजीबाजारापुरतं. पातीची जुडी एवढंच मला नीट कळत होतं. तरी समजलं, तिची तीनही मुलं घरीच झालेली, तिसऱ्या मजल्यावर, असल्याच ठोकळ्यांवर चढवलेल्या पलंगात. मग तिने विचारलं, आई येणार ना?

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती येणार नव्हती. व्हिडिओ कॉलवर ती वॉकर धरून उभी राहायची आणि डिंकाचे लाडू कुणाबरोबर पाठवू, अळीव तिकडे मिळतात का, विचारत राहायची. मिळतात, डेन हाखला सुरीनाममधून आलेल्या हिंदुस्तानी लोकांची दुकानं आहेत, तिथे कारलीसुद्धा मिळतात. हे सगळं डचमध्ये सांगणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. मी फक्त “आई” म्हटलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मला रडूच आलं. नवरा गडबडला. म्हातारीने काही विचारलं नाही. तिने त्याच्या काखेतला एक ठोकळा काढून घेतला, पातीच्या जुडीवर नीट ठेवला आणि उतरेपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली. कांद्याची पात पार चेपली.

शेवटच्या थांब्यावर समुद्र होता. बाकी स्खेवेनिंगन म्हणजे १८८५चं कुर्हाउस हॉटेल, एक लांब पिअर आणि नाकातोंडात वाळू घालणारा वारा. नवऱ्याने वाळूवर दोन ठोकळे शेजारी मांडून मला बसवलं आणि वारा येत होता त्या बाजूला जाकीट पसरून उभा राहिला. इतक्या वर्षांच्या संशोधनात पहिल्यांदाच त्याचा बंधारा माझ्या उपयोगी पडला. मी तळलेले मासे खाल्ले. त्याचेही खाल्ले. पोटात जोरदार लाथ बसली. मग बरोबर दिशेची एक नंबर धरून आम्ही डेल्फ्टला आलो.

डच घरांचा जिना उभा असतो. त्याला जिना म्हणणं हाच शिष्टाचार. जुन्या घरांना म्हणूनच माथ्यावर आकडा असतो, त्याला दोर लावून सामान खिडकीतून वर घेतात. मलाही तसंच घ्या, असं मी सुचवून पाहिलं. शेवटी ठोकळे वर गेले, मागून मी गेले, शेजारच्या दोन विद्यार्थ्यांनी पलंग उचलून धरला आणि नवऱ्याने चारही पाय खोबणीत बसवले. पट्टी लावली. ७२. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तो पलंगाखाली वाकला आणि तसाच राहिला. आमच्या पलंगाला मध्ये, आडव्या दांडीखाली, पाचवा पाय आहे. तो जमिनीपासून सत्तावीस सेंटिमीटरवर अधांतरी लोंबत होता. तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. दुकान बंद झालेलं, दुसऱ्या दिवशी रविवार, आणि सोमवारी सकाळी सुईण पलंग तपासायला येणार.

घरात जे होतं ते लावून पाहिलं. कुकर निसटला. नवऱ्याच्या विषयाची पुस्तकं विद्यापीठाच्या ग्रंथालयाची निघाली. शेवटी मी कपाटातून दिवाळी अंक काढले. बाबा दर वर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतात, मी वाचून ठेवून देते. एकावर एक रचत गेलो तेव्हा कळलं, की कवितांचे विशेषांक दबतात, कथांचे तग धरतात, आणि बँका, सोनार, बिल्डर यांच्या जाहिरातींनी भरलेले गुळगुळीत अंक तसूभरही हलत नाहीत. संपादकांनी मनाला लावून घेऊ नये.

सोमवारी सुईण आली. तिने गादीवर तळहात दाबला, पलंगाभोवती फेरी मारली, खाली डोकावून अंकांचा गठ्ठा पाहिला आणि म्हणाली, “प्रिमा.” उत्तम! त्या पलंगावर चढायला मला आता स्टूल लागतं, हे मी तिला सांगितलं. ते यादीत नाही, म्हणाली.

तेव्हा वाचकहो, तुमच्या नात्यातल्या कुणाला हॉलंडात दिवस गेले असतील तर यंदाचे दिवाळी अंक रद्दीत घालू नका, तिकडे पाठवा. जाडजूड बघून पाठवा, जाहिरातींची पानं फाडू नका, आणि पलंगाला पाय किती ते आधी विचारून घ्या.