मधुचंद्राची तिकिटं कशी काढावीत: कोल्हापूरकर नवशिक्यांसाठी सहा धडे

लग्न ठरलं की घरात याद्या सुरू होतात. आहेराची, मानपानाची, पाहुण्यांची, मटणाची. मधुचंद्राची यादी सगळ्यात शेवटी येते, तीही नवरदेवाच्या मोबाइलमध्ये, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं. सुट्टी म्हणायला दहा दिवसांची असते. त्यातून सत्यनारायण, अंबाबाई, जोतिबा, कुलदैवत आणि जागरण-गोंधळ वजा केला की हातात चार रात्री उरतात. एवढ्यात निळं पाणी, पांढरी वाळू आणि नारळाची झाडं बसवायची आहेत. तेव्हा खालचे धडे क्रमानं गिरवावेत. सगळ्या धड्यांचं सूत्र एकच आहे: चार रात्रींच्या सहलीत रुपयांआधी तास मोजावेत.

धडा १: आधी मुहूर्त, मग बेट

नवशिके आधी फोटो बघून बेट पसंत करतात आणि मग कॅलेंडर उघडतात. हा क्रम उलटा करावा. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडची कार्यालयं भरायला लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत लग्न असेल तर अंदमान, मालदीव आणि थायलंडचा पश्चिम किनारा, म्हणजे फुकेत आणि क्राबी, हे सगळे कोरडे असतात. खुशाल जावं. बाली मात्र विषुववृत्ताच्या पलीकडं आहे आणि तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे आपल्या ऐन लग्नसराईत तिथं छत्री लागते.

मे महिन्याचा मुहूर्त निघाला तर हिशेब नेमका फिरतो. मोसमी पाऊस केरळच्या आधी अंदमानात पोचतो, बहुतेक मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. फुकेतचा पावसाळाही तेव्हाच सुरू होतो, आणि बालीत त्या वेळी कोरडे दिवस असतात. थोडक्यात, थंडीतल्या वरातीला अंदमान किंवा मालदीव आणि उन्हाळ्यातल्या वरातीला बाली. एखाद्या मित्रानं बालीच्या लख्ख उन्हाचे फोटो पाठवले तर एकच विचारावं: "भावा, महिना कुठला?"

लक्षद्वीपचं मनात असेल तर तिथं जायला प्रवेश परवाना लागतो. तो हातात पडल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नये.

धडा २: विमानतळ निवडणे (आणि काकांना टाळणे)

कोल्हापूरला विमानतळ आहे, तोही १९३९ सालचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. २०२४ मध्ये उजळाईवाडीला नवी टर्मिनल इमारतही झाली. पण अभिमान वेगळा आणि वेळापत्रक वेगळं. इथून थेट परदेशी विमान नाही. मुंबई, बंगळुरू किंवा हैदराबाद गाठून पुढं जावं लागतं. कुठल्या वारी कुठलं विमान, हे हंगामाप्रमाणं बदलतं, म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या चुलतभावाचा शब्द प्रमाण मानू नये. बेळगाव साधारण ११० किलोमीटरवर आहे, गोव्याचं मोपा २०२३ पासून सुरू आहे, पुणं २३० किलोमीटरवर. चारी ठिकाणचे पर्याय समोरासमोर मांडून मगच बोट ठेवावं.

इथं घरातले काका प्रवेश करतात. "कशाला विमान? मुंबईपर्यंत आपली गाडी हाय की!" काकांची गाडी रात्री नऊला निघणार असते, म्हणजे साडेदहाला निघते. निरोप द्यायला म्हणून आत्याबाई आणि दोन भाचरं आत बसतात. पेठ नाक्याला चहा, कराडला परत चहा, साताऱ्याला भाच्याला उलटी. मधुचंद्राची पहिली रात्र खालापूरच्या टोल नाक्यावर साजरी होते. काकांचा मान राखावा. उजळाईवाडीपर्यंतची गाडी त्यांची घ्यावी.

दोन विमानं बदलायची असतील तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटं दीड-दोन हजारांनी स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीचं तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. बॅगाही मध्ये उतरवून पुन्हा द्याव्या लागतात, आणि देशांतर्गत तिकिटावर बहुधा माणशी पंधराच किलो चालतात. मुंबईत टर्मिनल एक आणि दोन यांच्यामध्ये सांताक्रूझ-अंधेरीची रहदारी आहे, हेही ध्यानात ठेवावं. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मध्ये चार-पाच तास सोडावेत.

धडा ३: उतरल्यावर काय, हे आधी विचारणे

विमान उतरलं म्हणजे पोचलो, असं नवशिक्यांना वाटतं. मालदीवचं उदाहरण घ्या. माले विमानतळावरून रिसॉर्टला एकतर स्पीडबोट जाते, नाहीतर पाण्यावर उतरणारं सीप्लेन. सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुम्ही संध्याकाळी पाचला उतरलात तर त्या दिवशीचं सीप्लेन गेलेलं असतं. मग हुलहुमालेतल्या साध्या हॉटेलात झोपायचं, आणि तिकडं रिसॉर्टातली तुमची डॉलर मोजून घेतलेली खोली रात्रभर रिकामी. चार रात्रींतली एक अशी गेली म्हणजे चार आण्यांचा मधुचंद्र बुडाला. त्यापेक्षा मालेजवळचं, स्पीडबोटीनं गाठता येणारं बेट घ्यावं. बोटीचं किंवा सीप्लेनचं भाडं खोलीच्या दरात आहे का, तेही विचारावं. ते माणशी असतं आणि नेमकं शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं. शिवाय २०२५ पासून रिसॉर्टात माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर पडतो.

अंदमानात हीच गोष्ट बोटीची. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) दुपारनंतर उतरलात तर हॅवलॉकची (२०१८ पासून स्वराज द्वीप) बोट चुकायचीच शक्यता जास्त. घड्याळ तिथं आपलंच चालतं, पण सूर्य आपला नाही. डिसेंबरात पाचच्या सुमारास तो बुडतो. कोल्हापूरच्या सवयीनं दुपारी झोप काढून, चहा घेऊन, आरामात किनाऱ्यावर जाणाऱ्याला फक्त लाटांचा आवाज ऐकायला मिळतो.

धडा ४: नाव

तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव विमान कंपनीला दिसत नाही. पासपोर्टवर असेल तेच नाव, तेच आडनाव, त्याच स्पेलिंगनं तिकिटावर हवं. हौसेनं सासरच्या नावाचं तिकीट काढणारा नवरा काउंटरवर जे बोलणं खातो, ते सासूसुद्धा ऐकवत नाही. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने शिल्लक आहे ना, हे साखरपुड्यालाच बघून ठेवावं.

धडा ५: हॉटेलची भाषा

'पार्शल सी व्ह्यू' म्हणजे गॅलरीच्या टोकाला जाऊन मान वाकडी केली की दिसणारा समुद्र. 'गार्डन व्ह्यू' म्हणजे समुद्र नाही. 'सीपी' म्हणजे खोली आणि नाश्ता, 'एमएपी' म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, 'एपी' म्हणजे तिन्ही वेळा. एकाकी बेटावरच्या रिसॉर्टात कोपऱ्यावर वडापावची गाडी नसते. तिथं 'सीपी' घेणारा दोन वेळ मेनूकार्डाच्या किमती वाचून पोट भरतो. मालदीवमध्ये माफुशीसारख्या वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस बरीच स्वस्त पडतात, पण तिथं दारू मिळत नाही आणि पोहण्याचे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतात.

चेक-इन दुपारी दोन-तीनला असतं. पहाटेचं विमान घेऊन सकाळी आठला पोचलात तर हळद न उतरलेल्या हातांनी रिसेप्शनच्या सोफ्यावर पेंगावं लागतं. बुकिंग करताना एकच मोठा पलंग हवा, असं लेखी सांगावं. नाहीतर दोन सुटे पलंग आणि मधे टेबल निघतं. अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे सोडून द्यावेत. तीन ताऱ्यांचे, आणि तुम्ही जाणार त्याच महिन्यातले वाचावेत. खरं तिथं असतं.

हॉटेलचं ठिकाण घरी सांगताना जपून. हॅवलॉकला राधानगर नावाचा प्रसिद्ध किनारा आहे. हे कानावर पडताच आत्याबाई म्हणतात, "एवढं पैसं घालून राधानगरी? त्यापेक्षा मामाच्या गाडीनं दाजीपूरला जाऊन या की."

धडा ६: बॅग आणि परतीची तारीख

निघताना ओटी भरली जाईल. तांदूळ, हळकुंड चालेल, पण ओटीतली खोबऱ्याची वाटी घरीच ठेवावी. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला बंदी आहे. सुरक्षा तपासणीत ओटी उसकटली जाण्यापेक्षा घरातल्या देवापुढं ठेवलेली बरी. खर्ड्याची बरणी हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत टाकावी; मग तेल सुटलं तर नव्या साड्यांचं काय होईल ते होईल.

परतीची तारीख घरी एक दिवस पुढची सांगावी. खरी सांगितली तर उजळाईवाडीच्या दारात गाडी उभी असते आणि ती थेट राहिलेल्या देवाला जाते. हा चोरून ठेवलेला एक दिवस झोपण्यासाठी आहे.

घरी पाऊल टाकल्यावर "कसं झालं?" असं दहा जण विचारतील. सगळ्यांना एकच उत्तर द्यावं: "सगळं झकास, पण जेवण काय आपल्यासारखं नव्हतं." एवढं ऐकलं की घर तृप्त होतं, कुणीतरी मटण आणायला पळतं आणि पुढचा एकही प्रश्न कुणी विचारत नाही.