घसरलेल्या ग्रेडची कैफियत

मार्क कमी पडले की भल्याभल्या घरांत गद्यलेखनाला बहर येतो. पेपर आऊट ऑफ सिलॅबस होता, समोरच्या मैदानात मांडव होता, ऐन वेळी वीज गेली आणि तपासणाऱ्याचं त्या दिवशी घरी भांडण झालेलं असणार. आपल्याकडे हे साहित्य घरातल्या घरात जिरतं, कारण प्रवेशाच्या कॅप राउंडचा संगणक कुणाची कैफियत वाचत नाही. मध्ये वर्ष गेलंच, तर गॅपचं ॲफिडेव्हिट करायचं, नोटरीचा शिक्का उमटवायचा, की वर्ष कायदेशीररीत्या गेलं. अमेरिकेत मात्र एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफर मागणाऱ्या पोराला 'कॉमन ॲप' या अनेक कॉलेजांच्या सामायिक अर्जात चक्क 'ॲडिशनल इन्फॉर्मेशन' नावाचा रकाना दिलेला असतो. सांग बाबा, तेव्हा काय बिनसलं होतं? आणि रिकामा रकाना दिसल्यावर मराठी घर गप्प बसेल, ही अपेक्षाच चुकीची. न्यू जर्सीत तीस वर्षं काढलेलं असलं तरी.

माझं म्हणणं एवढंच, की या रकान्यातला मजकूर जितका नीरस तितका कामाचा. वाचणाऱ्यापुढे ट्रान्सक्रिप्ट उघडं असतं आणि त्यात घसरण सेमिस्टरनिशी दिसत असते. ती नव्याने रंगवून सांगायची गरज नसते. शिवाय गणित कुणाच्या शैलीला दाद देत नाही. समजा, पहिली ३० युनिट्स ३.८ जीपीएने झाली आणि मग १५ युनिट्सचं एक सेमिस्टर २.४ वर आपटलं, तर सरासरी ३.३३ होते. पुढच्या सेमिस्टरला पुन्हा ३.८ मिळवले तरी ती जेमतेम ३.४५ वर येते. म्हणजे पोरगं कधीच सावरलेलं असतं, आकडा मात्र अजून लंगडतच असतो. ॲडमिशन ऑफिसात बसलेल्या माणसाला हे हिशेब पाठ असतात. कॉमन ॲपमधून ट्रान्सफर मागताना अनेक कॉलेजं चालू सेमिस्टरचा मिड-टर्म रिपोर्ट मागतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला जानेवारीअखेरपर्यंत ताजे ग्रेड कळवावे लागतात. बाजू मांडायची ती या ताज्या ग्रेडनी. लेखणीकडे उरतात तीन गोष्टी: काय झालं, कधी सुरू होऊन कधी संपलं, आणि त्यानंतर काय बदललं. आदर्श म्हणून आपली लोकलची उद्घोषणा पुढे ठेवावी. तांत्रिक बिघाड, वीस मिनिटे उशीर, दिलगीर आहोत. ओव्हरहेड वायरच्या बालपणाबद्दल अवाक्षर नाही.

उदाहरणच घ्या. 'त्या पानगळीत माझ्याही आयुष्याची पानं गळत होती' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला फक्त हंगाम कळतो. 'ऑक्टोबरमध्ये वडिलांची बायपास झाली. डिसेंबरपर्यंत मी रोज संध्याकाळी त्यांचं दुकान सांभाळत होतो. जानेवारीत ते कामावर परतले. त्यानंतरच्या दोन्ही सेमिस्टरना केमिस्ट्रीत ए आहे.' या चार वाक्यांत रडण्यासारखं काही नाही आणि शंका घेण्यासारखंही काही नाही.

यावर कुणी म्हणेल, दुःख खरोखरच डोंगराएवढं असेल तर ते चार ओळींत कोंबायचं? कोंबायचंच. बायपास, ऑक्टोबर, दुकान एवढं वाचून ज्याला काही वाटणार नाही, त्याला विशेषणांनी पाझर फुटेल हा भ्रम आहे. शिवाय मुख्य निबंधाची जागा पुढे काय शिकायचंय, कॉलेज का बदलायचंय हे सांगण्यासाठी असते. ती मागच्या सेमिस्टरच्या श्राद्धात घालवली, तर नव्या कॉलेजचं नावच यायचं राहून जातं.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. सांगण्यासारखं कारणच नसलं तर? पोरगं पहिल्यांदा घराबाहेर पडलं, रात्ररात्र गेम खेळलं आणि सकाळी आठचं कॅल्क्युलस त्याच्याविना पार पडलं. किंवा घराला डॉक्टर हवा होता आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीने ते स्वप्न सी-मायनसवर आणून ठेवलं. अशा वेळी घरात दिवंगत आजोबांचा शोध सुरू होतो. हयात आजोबांनाही धोका असतो. त्यापेक्षा 'पहिल्या वर्षी वेळेचं नियोजन जमलं नाही' किंवा 'हा विषय माझा नव्हता, मी मेजर बदलला' हे एक वाक्य आणि त्याखालचे चांगले ग्रेड पुरतात. आळस या जगात नवीन नाही. अर्ज वाचणारेही कधीतरी अठरा वर्षांचे होते. प्रोफेसरला मात्र दोष देऊ नये. तो खरंच वाईट शिकवत असला तरी त्याच वर्गात कुणाला तरी ए मिळालेला असतोच.

आणि एखाद्याच बी-प्लसचं काय? मराठी घरात त्याचा दुखवटा पाळतात हे मान्य. पण त्याचा खुलासा करायला गेलं, की ज्याचं लक्षही गेलं नसतं तो चष्मा पुसून पुन्हा बघतो. रकाना ऐच्छिक आहे, कोरा सोडला तर मार्क कापत नाहीत.

तेव्हा आईबाबांना एकच विनंती आहे. मजकूर वाचायला हवाच असेल तर वाचा, तारखा तपासा, स्पेलिंग बघा आणि लॅपटॉप पोराला परत द्या. त्यात दहावीची टक्केवारी घालू नका.