अधिवेशनाला प्रथमच निघालेल्या ग्रंथपालासाठी सूचना

तुमचं वाचनालय सरकारी वर्गवारीत ड वर्गाचं, मानधन त्याहून खालच्या वर्गाचं, आणि कार्यवाह अचानक म्हणाले, "यंदा लातूरच्या ग्रंथालय अधिवेशनाला तुम्हीच जा, माझ्या भाच्याचं लग्न आहे." अभिनंदन. पुढील सूचना वाचाव्यात. नवीन पुस्तकासारखा नुसता शिक्का मारून ठेवू नयेत.

नांदेडहून पहाटेची एसटी धरावी. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. कुणीतरी सीटवर टाकून दिलेला पेपर उचलून, घडी घालून, पुरवणी आत सरकवणारा माणूस गाडीत दिसला, की तो आपलाच. त्याच्याशी मोठ्यानं बोलायला हरकत नाही. एसटीत 'शांतता राखा'ची पाटी नसते. पहिला प्रश्न ठरलेला : "तुमचं कोणत्या वर्गात?" दुसरा : "अनुदानाचा हप्ता जमा झाला का ओ?" नाव-गाव त्यानंतर, वेळ उरला तर.

लातुरात वाट चुकेल. ड्यूईनं १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा वर्गांत बसवलं. लातूरकरांना गंजगोलाईचा बाजार बसवायलाच सोळा रस्ते लागले. ज्याला मराठी साहित्य ८९१.४६ वर डोळे मिटून सापडतं, त्यानं तिथं रिक्षावाल्याला शरण जावं.

नोंदणीच्या टेबलावर पिशवी मिळते. तिच्यातला पेन लगेच खिशात घालावा. ग्रंथपालानं ग्रंथपालाकडून नेलेली वस्तू परत येत नाही, आणि इथं विलंब शुल्कही लावता येत नाही.

उद्घाटन पत्रिकेत दहाला, प्रत्यक्षात पाहुणे येतील तेव्हा. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. व्यासपीठाला ते लागू नाही. निजामाच्या अमलात वाचनालयं ही चळवळीच्या माणसांची भेटायची ठिकाणं होती, हे एक वयोवृद्ध वक्ते सांगतील. ते मन लावून ऐकावं. ऐकण्यासारखंच असतं. पुढचे चार वक्ते तेच पुन्हा सांगतील, तेव्हा जेवणाचा मांडव कुठल्या बाजूला आहे ते हेरून ठेवावं.

परिसंवादात पगारी प्राध्यापक पडद्यावर पुस्तकांत बसवायच्या चिप दाखवतील. आपल्या कपाटाच्या किल्लीची आठवण काढून मान डोलवावी.

मग ठराव. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमात सुधारणा, वेतनश्रेणी, सेवाशर्ती, प्रभा राव समिती, व्यंकप्पा पत्की समिती ही नावं आली की हात वर करावा. ठराव कोणता, हे शेजाऱ्याला विचारू नये. त्याचाही हात सवयीनंच वर गेलेला असतो. या ठरावांना दाखल क्रमांक मिळतो, देवघेव होत नाही.

खरं अधिवेशन जेवणाच्या रांगेत भरतं. तिथं वरणाची वाटी सांभाळत वही काढता आली पाहिजे, हे कौशल्य घरूनच शिकून जावं. कंधारकडचा एक जण सांगेल, स्पर्धा परीक्षेची पोरं रात्री अकरापर्यंत बसायलीत, लाईटचं बिल मात्र अनुदानात कुठं बसवावं कळंना. दुसरा वाळवीवर कडुलिंबाचा पाला की डांबरगोळ्या, यावर भांडेल. निलंग्याकडच्या एक ताई आधी काही बोलायच्या नाहीत. जिलेबी वाढून द्यावी, मग बोलतील. गावातल्या बायका वाचनालयाची पायरी चढत नाहीत, म्हणून त्या पाच-सहा कादंबऱ्या पिशवीत घालून पिठाच्या गिरणीत जाऊन बसतात. दळण होईपर्यंत देवघेव. पुस्तकं परत येतात, जरा पिठाळलेली. "झटकून घेते की," म्हणतात.

व्यासपीठावर हे कुणी सांगत नाही. ताईंना भाषण येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांच्या घरी दळण दुसरं कुणी नेतं. म्हणून हे वहीत लिहून घ्यावं, पाहुण्यांचं नाव चुकलं तरी चालेल.

निघताना उपस्थितीचं प्रमाणपत्र मागून घ्यावं, नाहीतर कार्यवाह प्रवासखर्च मंजूर करणार नाहीत. प्रमाणपत्र असलं तरी करतीलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी वेळेवर वाचनालय उघडावं. पायरीवर रोजचे आजोबा बसलेले असतील. अधिवेशनात काय झालं ते सांगायला तोंड उघडण्याआधीच ते म्हणतील, "काल कुलूप होतं. कालचा पेपर कुठंय?"