सोललेला लसूण आणू नये

बसून काम करणाऱ्या माणसाला दमण्याचा हक्क नसतो, असा आमच्या घराण्याचा अलिखित कायदा आहे. वडील, म्हणजे अण्णा, एसटीत मेकॅनिक होते. संध्याकाळी डेपोतून यायचे तेव्हा हात कोपरापर्यंत काळे. ते हात बघून आई आधी पाणी, मग चहा द्यायची आणि आम्ही भावंडं अभ्यासाचं सोंग आणायचो. मी मात्र कामावरून उठतो तो सकाळी बसलो होतो त्याहून स्वच्छ. कपाळावर घामाचा थेंब नाही, शर्टाची इस्त्री शाबूत. "दमलो" म्हटलं की आई विचारते, "कशानं रे?"

मी पतसंस्थांना लागणारं सॉफ्टवेअर लिहितो. ठेवी, कर्जं, व्याज, लाभांश. बरेचदा घरूनच. अण्णा निवृत्त झाल्यापासून समोरच्या खुर्चीत पेपर वाचतात आणि पेपर संपला की मला वाचतात.

"आज काय केलंस?"

"एक ओळ बदलायची आहे."

"मग? बदललीस?"

"नाही अण्णा, ती कुठली ते शोधत होतो. बदलणार उद्या."

अण्णा गप्प बसले. रात्री जेवताना मात्र त्यांनी माझ्या बायकोला हळूच माझा पगार विचारला.

ती ओळ सापडत नव्हती याला कारण होतं. मार्चअखेर. एका पतसंस्थेच्या मॅनेजरांचा फोन आला, "साहेब, तेरीज जुळत नाही."

"कितीनं?"

"एक पैशानं."

पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी सरकारने २०११ सालीच चलनातून काढून टाकली. ऑडिटरच्या चलनात ती अजून आहेत. लाखाचा फरक असता तर बरं झालं असतं, लाख रुपये कुठे गेले ते शेंबडं पोरही सांगतं. पैसा शोधायला मात्र माणूस लागतो.

थोडं सांगायला हवं. कॉम्प्युटर सगळे आकडे शून्य आणि एक यांत मांडतो आणि त्या पद्धतीत ०.१ ही साधी संख्या नेमकी लिहिताच येत नाही. म्हणून बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज सांगितली की उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. तीननंतर पंधरा शून्यं आणि शेवटी एक चार. आमच्या गुरुजींनी एवढ्यासाठी छडी काढली असती. हा शेपटाचा चार खात्याखात्यांच्या व्याजातून फिरत राहतो आणि राऊंड करताना कुठेतरी वयात येऊन पैसा होतो. कुठे, ते शोधायचं तर सगळा हिशोब पहिल्यापासून शेवटपर्यंत डोक्यात एकदम धरून ठेवावा लागतो. तो धरत आणला की स्वयंपाकघरातून हाक येते, "नुसता बसलायस ना, जरा दुधाकडे बघ."

हे सगळं निभावून माणसाने ठणठणीत राहावं म्हणून जगात उपायांची कमतरता नाही. आमच्या कंपनीने तणावमुक्तीचं सत्र ठेवलं होतं. संध्याकाळी ७ वाजता, हजेरी सक्तीची. त्याबद्दल इतकंच.

फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. पद्धत उत्तम आहे, पण चिरिल्लो एकत्र कुटुंबात राहत नसावा. आमच्या घरात २५ मिनिटांचं काम कुणाच्या लक्षात येत नाही, ५ मिनिटांची विश्रांती सर्वांच्या येते. पहिल्या विश्रांतीत गॅसवाल्याला फोन, दुसरीत पंख्याची पाती पुसणे, तिसरीत सोसायटीच्या चेअरमनशी पाण्याच्या टाकीवर चर्चा. कामावर परतलो की हुश्श व्हायचं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी २०-२०-२० सांगितलं. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचं. हा नियम ऐसपैस देशात निघाला असणार. पुण्यात आमच्या खिडकीपासून २० फुटांवर समोरच्या इमारतीतल्या काकूंचं स्वयंपाकघर आहे. मी दर २० मिनिटांनी तिकडे नेमाने पाहू लागलो. आता तिथे जाड पडदा आहे आणि काका लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

रात्रीची गोष्ट वेगळीच. अंथरुणावर पडलं की तो पैसा छताला चिकटलेला दिसायचा. अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं ब्लूमा झाइगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ सालीच मांडलंय. यावर माझा अनुभवाचा उतारा असा, की उठण्यापूर्वी उद्या नेमकं काय करायचं ते कागदावर लिहून टाकावं. डोकं मग हट्ट सोडतं. हा उपाय खरोखर लागू पडतो, फक्त कागद आपला असावा. मी हाताला आलेल्या कागदावर लिहिलं आणि सकाळी वाण्याचा फोन आला, "तूरडाळ, साबण दिलाय. पण हे 'व्याज राऊंड' कुठल्या कंपनीचं?"

मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शरीराची वीसेक टक्के ऊर्जा खातो, हेही मी घरात जाहीर करून पाहिलं. आई हेलावली, एक पोळी जास्त वाढली. बायकोने मात्र पुढचं वाचलं होतं. अवघड विचार केला म्हणून तो खर्च फारसा वाढत नाही, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप बघतानाही मेंदू जवळपास तेवढंच खातो. पोळी परत गेली.

शेवटी मी अण्णांसमोर आंरी प्वांकारे उभा केला. फार मोठा फ्रेंच गणिती. तो सकाळी १० ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच वेळ गणिताला द्यायचा, बाकीचं डोकं आपलं आपण करतं यावर त्याचा विश्वास. अडलेल्या एका प्रश्नाचं उत्तर त्याला सहलीला गेलेला असताना, बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी सुचलं.

"कुठली बस?" अण्णांनी पेपर खाली ठेवला.

"फ्रान्समधली. घोड्यांची होती."

"मग मेन्टेनन्स सोपा," म्हणाले आणि पेपर पुन्हा वर गेला. मिनिटभराने पेपरामागूनच आवाज आला, "आम्ही तरी काय करायचो? गाडी आवाज करत आली की लगेच उघडायची नाही. इंजिन चालू ठेवायचं, बाजूला उभं राहायचं आणि ऐकायचं. कधी अर्धा तास. दोष कानात सापडला की मग हात घालायचा. काळे हात व्हायला दहा मिनिटं पुरतात."

मी थक्क झालो. लहानपणी ज्या हातांना घाबरून आम्ही पुस्तकं उघडली, ते दहा मिनिटांचे होते.

"पण त्या अर्ध्या तासात साहेब आले तर?"

"हातात पाना असायचा ना," अण्णा म्हणाले.

मानसशास्त्राच्या सगळ्या पुस्तकांत मिळून नसेल एवढं व्यावहारिक ज्ञान त्या वाक्यात आहे. विचार करणारा माणूस आणि रिकामटेकडा माणूस बाहेरून सारखेच दिसतात, फरक पान्याचा. मला पाना हवा होता. तो आईने दिला. खिडकीबाहेर बघतोय हे पाहून तिने लसणाचा वाडगा आणि ताटली पुढ्यात ठेवली.

लसूण सोलणं हे काम विचार करणाऱ्यासाठीच घडवलंय. हात गुंततात, डोकं मोकळं राहतं, बोटं चिकट झाल्यामुळे फोन हातात घेता येत नाही. आणि काम करतोय हे इतकं उघड दिसतं, की दुधाकडे बघायला दुसऱ्या कुणाला तरी बोलावतात. वाडगा अर्धा झाला असेल नसेल, ती ओळ दिसली. रक्कम पासबुकावर छापण्यापुरती राऊंड करायची होती, ती राऊंड झालेलीच पुढच्या व्याजाला वापरली जात होती. ओळ बदलली. मग सगळ्या रकमा अपूर्णांक रुपयांऐवजी पूर्ण पैशांत मांडल्या, म्हणजे तो शेपटाचा चार जन्मालाच येणार नाही. तेरीज जुळली. मॅनेजरांनी आभार मानले, आईने चटणी केली.

आता घरात लसणाचं खातं माझ्याकडे आहे. मटारच्या दिवसांत मटार, ऑडिटच्या दिवसांत पावटेही चालतात, पण अवघड दोषाला लसूणच. हल्ली मॉलमध्ये सोललेला लसूण पाकिटात मिळतो. ज्या घरात कुणी डोक्याचं काम करतं, त्या घरात तो आणू नये.