नाना आणि गिझरचा करार

वस्तू बिघडेल याचं नानांना भय नाही. आपण फसू याचं आहे. काशीतल्या ब्रह्माघाटावरच्या मराठी वस्तीतून त्यांचं बिऱ्हाड गंगा ओलांडून रामनगरात आलं, तेव्हा आजोबांचा तांब्याचा बंब आणि १५ लिटरचा गिझर दोन्ही सोबत आले. चिंच लावून बंब घासला की वर्षाची देखभाल संपते. गिझरची मात्र वॉरंटी संपली आणि फोन आला, "बाबूजी, एएमसी करा लीजिए." एएमसी म्हणजे वर्षाचा देखभाल करार. बाराशे रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४१६.

नानांनी वही काढली. १५ अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज लागते, म्हणजे दोन किलोवॉटला पंचवीसेक मिनिटं, हे त्यांनी आधी काढलं. याचा कराराशी काय संबंध, असं काकूंनी विचारलं. "अहो, पाया पक्का नको का?"

खरी थंडी डिसेंबर-जानेवारीची, मग बारा महिन्यांचे पैसे का द्यायचे? पण गिझर बिघडला तर नेमका त्याच दोन महिन्यांत बिघडणार, जेव्हा धुक्यात समोरचा घाटसुद्धा दिसत नाही आणि मिस्त्री पूल ओलांडायला तयार नसतो. आता कराराशिवाय मिस्त्री किती घेतो, हे विचारणं आलं. नाना रामनगरच्या रामलीलेचे नेमी, म्हणजे नेमाने जाणारे. अनंत चतुर्दशीपासून महिनाभर पोथी चुकवत नाहीत. पण तिथे माइक नसतो, त्यामुळे त्यांनी शेजाऱ्याला कुजबुजून विचारलेला मिस्त्रीचा दर पाच रांगांना पाठ झाला.

मग त्यांनी भिंग घेऊन कराराचा कागद वाचला. क्षार साचून जळालेली कॉइल वगळून. विजेच्या चढउताराने झालेलं नुकसान वगळून. टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड, तोही वगळून. "मग बिघडायला उरलं काय?" हा प्रश्न मला तरी रास्त वाटतो. शिवाय सेवा ४८ तासांत, पण 'शहर हद्दीत'. हद्दीचं दुखणं या काठाला जुनंच आहे. काशीत मेलं की मोक्ष, आणि व्यासांनी वसवलेल्या या काठावर मेलं तर गाढवाचा जन्म, असं लोक सांगतात. नाना म्हणाले, "बघा, अटी लागू तेव्हापासून आहेत."

तरी त्यांनी करार केला. न करता गिझर बिघडला असता, तर काकू काय म्हणाल्या असत्या याचा आकडा वहीत बसत नव्हता.

आणि गिझर काही बिघडेना. संक्रांत आली, नानांचा चेहरा उतरत चालला. सकाळी ते गिझरला कान लावून उभे राहत. जरा कुठे सूं झालं की आशेने काकूंना हाक मारत. काकू अंगणात बंब पेटवून केव्हाच न्हायलेल्या असत. शेवटी नानांनी हक्काची मोफत भेट मागितली. मिस्त्री आला, झाकण उघडून क्षार खरवडले, पुन्हा बसवलं.

"एकदम टनाटन है, बाबूजी."

"नीट बघा हो. काहीतरी असेल."

मिस्त्रीला दया आली. "अगले साल पक्का बिगड़ेगा."

नाना खुलले. "मग नूतनीकरणाला सूट किती देता?"