बिघडलेल्या भावाची नाईट

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या वडशात दोन धंदे जोरात चालतात, नाटकाचा आणि उपदेशाचा. नाटकाला हंगाम लागतो. धान कापून झालं, दिवाळी सरली, की गावोगावची मंडळं इथल्या नाट्यकंपन्यांच्या कार्यालयांत तारखा घ्यायला येतात आणि होळीपर्यंत पूर्व विदर्भातली ही झाडीपट्टी रात्रीची झोपत नाही. उपदेशाला हंगाम लागत नाही, मंडप लागत नाही, तिकीट तर मुळीच लागत नाही. दहावीच्या गुणवंतांचा सत्कार असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, की पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोट्ट्यांना ‘दोन शब्द’ सांगायचे असोत, शाल-श्रीफळ पदरात पडलं आणि माइक हाती आला की वक्ते घसा खाकरतात आणि सुरू करतात, “एकाच गुरूचे दोन शिष्य होते...”

पुढचं पोरांना पाठ आहे. एक सचिन झाला, दुसरा कांबळी झाला. तुम्हाला काय व्हायचं ते तुम्हीच ठरवा. टाळ्या. आभारप्रदर्शन. अल्पोपाहार.

या कथेचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात क्रिकेट औषधालाही सापडत नाही. विनोद गणपत कांबळी नावाच्या डावखुऱ्या माणसाने नेमक्या किती धावा केल्या, हे वक्त्यांना विचारून बघा. ते पाण्याचा ग्लास मागतात. म्हणून हिशेब इथेच मांडून ठेवतो. रणजी करंडकात पहिल्याच चेंडूवर षटकार. १८ जानेवारी १९९३ला, स्वतःच्या एकविसाव्या वाढदिवशी, जयपूरला इंग्लंडविरुद्ध नाबाद १००. त्याच महिन्याअखेर कसोटी पदार्पण. तिसऱ्या कसोटीत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, चौथ्या कसोटीत दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध २२७, मग कोलंबोला श्रीलंकेविरुद्ध १२५. लागोपाठच्या तीन डावांत तीन वेगवेगळ्या देशांविरुद्ध तीन शतकं. त्याच श्रीलंका दौऱ्यात आणखी एक, १२० धावांचं. अवघ्या १४ डावांत हजार कसोटी धावा, आणि इतक्या लवकर तिथवर दुसरा भारतीय पोहोचलेला नाही. शारजात १९९४ साली शेन वॉर्नच्या एका षटकात २२ धावा. एकूण १७ कसोटी, १,०८४ धावा, सरासरी ५४.२०.

सचिन तेंडुलकरची कसोटी सरासरी ५३.७८ आहे.

वक्ते लगेच हरकत घेतील की कुठे २०० कसोटी आणि कुठे १७. हरकत एकदम मान्य. सतरा कसोटींवरून फलंदाज मोजू नये. पण मग सतरा कसोटींनंतरच्या बातम्यांवरून अख्खा माणूस मोजायचा, हे माप कोणत्या दुकानातलं?

आता शिस्तीकडे येऊ, कारण उपदेशाचा सगळा माल त्याच पोत्यात भरलेला असतो. फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना, दोघांची शाळा शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सोळा वर्षांचा कांबळी नाबाद ३४९, चौदा वर्षांचा सचिन नाबाद ३२६, भागीदारी ६६४. दोघांचे गुरू आचरेकर सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. डाव घोषित करा, असा त्यांचा निरोप होता. त्यांचे सहायक सीमारेषेवरून हातवारे करकरून थकले. दोन्ही पोरांनी तिकडे बघितलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत फोनवर सरांची बोलणी खावी लागली. कांबळीने विनवलं, सर, एक धाव करू द्या, साडेतीनशे होतात. सर नाही म्हणाले. डाव घोषित झाला आणि याच कांबळीने मग झेवियर्सचे ३७ धावांत ६ बळी घेतले.

म्हणजे गुरूची आज्ञा मोडण्याचा पहिला नोंदवलेला गुन्हा दोघांनी जोडीने केला, एकाच खेळपट्टीवर, एकाच वेळी. पुढे एकाच्या चरित्रात त्याचं नाव ‘धावांची भूक’ पडलं आणि दुसऱ्याच्या चरित्रात ‘बेशिस्तीची सुरुवात’. गुन्ह्याचं कलम आरोपी पुढे काय झाला हे बघून लावायचं, ही सोय फक्त उपदेशशास्त्रात आहे.

दुसऱ्या शिष्याच्या आरोपपत्राची लांबी मात्र मी नाकारत नाही. कानात डूल. गळ्यात साखळ्या. बॅटच्या मुठीवर एकावर एक चढवलेल्या ग्रिपा. रात्री उशिरा संपणारे दिवस. १९९४ साली वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांनी आखूड चेंडू टाकून उघडं पाडलेलं तंत्र. नोव्हेंबर १९९५मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, शेवटची कसोटी. त्यानंतर एकदिवसीय संघात ये-जा. एकूण नऊ वेळा पुनरागमन. ‘अनर्थ’ नावाचा सिनेमा. २००९ या एकाच वर्षात ‘सच का सामना’मध्ये बसून सचिनने आपल्यासाठी आणखी काही करायला हवं होतं असं सांगणं, ‘बिग बॉस’च्या घरात शिरणं आणि विक्रोळीतून विधानसभा लढवून पडणं. २०२२ साली दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात अटक आणि जामीन. यातलं काहीही वडशातल्या कुठल्याही पोराने करू नये, हे मलाही मान्य आहे. विक्रोळीतून उभं तर मुळीच राहू नये.

पण इथे एका झाडीपट्टी कंपनीच्या व्यवस्थापकाची साक्ष काढतो. नाव छापू नका म्हणाले, कारण पुढल्या महिन्यात तारखा लागायच्या आहेत. त्यांच्या नाटकात दोन भाऊ असतातच. थोरला सोशिक, धाकटा बिघडलेला. मी विचारलं, जास्त पैसे कोणाला? ते हसले. “हिरो त कोनी बी बनते गा. पब्लिक येते थे बिघडेल भाऊ पाहाले. त्याची नाईट जास्त असते. तालमीले उशिरा येते, मेकअपले बसता बसता भांडते, पर थो नाई आला त पडदा उघडत नाई.” मग असल्या नटाला सांभाळता कसं? “सोबत एक मानूस ठेवतो. उठवते, जेवू घालते, गाडीत बसवते, रंगमंचावर सोडते. त्या मानसाची बी नाईट धरतो हिशेबात.”

झाडीपट्टीतल्या एका कंपनीला जे कळतं, ते जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाला नव्वदीच्या दशकात सुचलं नाही. कांजूरमार्गच्या चाळीतून आलेलं पोरगं, एकविसाव्या वर्षी दोन द्विशतकं, भोवती कॅमेरे आणि फुकट पाजणारे दोस्त. ‘सोबतचा माणूस’ मात्र कुणीच नेमला नाही. खेळाडूंचे वार्षिक करार त्याची कसोटी कारकीर्द आटोपल्यावर आले. नऊ वेळा परत बोलावलं आणि नऊ वेळा परत पाठवलं. सचिन लिफ्टने वर गेला आणि मी जिन्याने, असं कांबळी एकदा म्हणाला होता. जिन्याने नऊ वेळा वर-खाली केल्यावर कुणाचेही गुडघे बोलतील.

असले बिघडलेले भाऊ फक्त आपल्याकडेच जन्मतात, असा अभिमानही नको. अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे, तो मुख्यतः हाताने खेळतात. त्यात रिसीव्हर म्हणून एक गडी असतो; जिवाच्या आकांताने पळायचं आणि लांबून फेकलेला चेंडू अंगावर येणाऱ्या राक्षसांच्या गर्दीत झेलायचा, हे त्याचं काम. टेरेल ओवेन्स हा त्यातला कांबळी. २००२ साली त्याने गुण मिळवला, मोज्यातून पेन काढलं आणि चेंडूवर तिथेच सही ठोकली. त्याआधी डॅलसच्या मैदानात मधोमध काढलेल्या ताऱ्यावर उभं राहून यजमानांना खिजवलं. २००४च्या डिसेंबरात पाय मोडला, आणि फेब्रुवारी २००५मध्ये त्याच पायावर सुपर बोल या अंतिम सामन्यात ९ झेल घेऊन १२२ यार्ड काढले. सहा महिन्यांनी पगारावरून मालकांशी वाजलं, तर घरासमोर पत्रकार जमवून त्यांच्यापुढे उघड्या अंगाने व्यायाम केला. संघाने आधी निलंबित केलं आणि मग उरलेल्या मोसमात खेळवलंच नाही. पाच संघांकडून खेळला, पैसा आला तसा गेला.

पण खेळाच्या दालनात नाव कोरायची वेळ आली तेव्हा तिथल्या मतदारांनी दोन वर्षं नाक मुरडलं आणि तिसऱ्या वर्षी, २०१८ साली, त्याला आत घेतलं. कारण १५,९३४ यार्ड आणि १५३ टचडाउन खोडरबराने पुसता येत नाहीत. हा पठ्ठ्या त्या सोहळ्याला गेलाच नाही. त्याच दिवशी आपल्या जुन्या विद्यापीठात, चॅटानूगाला, स्वतःचाच सत्कार समारंभ भरवून भाषण ठोकून आला. अमेरिकेने त्याला शिव्या दिल्या, पण आकडेही दिले. तिथे माणूस वेगळ्या खात्यात आणि खेळ वेगळ्या खात्यात. आपल्याकडे दोन्ही खाती एकाच वहीत असतात, आणि ती वही वक्त्याच्या बगलेत.

कांबळीच्या रडण्याचंच बघा. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाचा उपांत्य सामना. नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं ते कर्णधाराने. १ बाद ९८वरून ८ बाद १२० अशी घसरगुंडी झाली, ती सगळ्यांनी मिळून. बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली ती प्रेक्षकांनी. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. या सगळ्या गोंधळात १० धावांवर नाबाद असलेला एक माणूस डोळे पुसत मैदानाबाहेर आला, आणि देशाने ठरवलं की त्या रात्रीचं लाजिरवाणं दृश्य हेच. बाटली फेकणाऱ्यांचं पुढे काय झालं, कुणी विचारत नाही. कदाचित त्यातलेच काही हल्ली स्नेहसंमेलनांना प्रमुख पाहुणे म्हणून जात असतील.

या उपदेशातला व्यसनमुक्तीचा अध्याय तर वडशाने खास कान देऊन ऐकावा असा. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली. कांबळी द्विशतकं ठोकत होता तेच वर्ष. वैनगंगेच्या पुलापलीकडे चंद्रपूर जिल्हा. तिथे २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. त्यामुळे सध्या ब्रह्मपुरीत दुकान उघडं आणि वडशात भाषण उघडं. दिवसा पुलाअलीकडे कांबळीचं उदाहरण द्यायचं आणि संध्याकाळी ‘ब्रह्मपुरीले काम हाय’ म्हणून पूल ओलांडायचा, असा एक व्यासंगी वर्ग इथे तयार झालेला आहे. एरवी हे लोक सात वाजता जेवून झोपतात. काम मात्र नेमकं शनिवारीच निघतं.

३ डिसेंबर २०२४. शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण. थकलेला कांबळी खुर्चीत बसलेला, सचिन जवळ आला तसा त्याने त्याचा हात धरला आणि सोडायला तयार होईना. काही सेकंदांची ती चित्रफीत आपण काय काय करून पाठवली! हळू गतीने, बाण काढून, पार्श्वसंगीत चढवून, खाली ‘पोरांना दाखवा’ लिहून. त्याच महिन्यात तो भिवंडीजवळच्या रुग्णालयात होता. ती बातमी पुढे ढकलायला बोटं जरा जड झाली. त्याआधी २०२२ साली त्याने स्वतःच सांगितलं होतं की क्रिकेट मंडळाच्या दरमहा ३० हजारांच्या निवृत्तिवेतनावर घर चालतं. २०२५मध्ये सुनील गावसकरांच्या चॅम्प्स फाउंडेशनने दरमहा आणखी ३० हजार द्यायला सुरुवात केली. गावसकरांनी त्याला आधी शिस्तीवर निबंध लिहायला लावल्याचं ऐकिवात नाही.

इथे मला व्यावहारिक सूचना करायची आहे. नटाला प्रयोगामागे नाईट मिळते. लेखकाला प्रयोगामागे मानधन मिळतं. पेटीवाल्याला, पडदा ओढणाऱ्यालाही मिळतं. मग गेली तीस वर्षं ज्याच्या आयुष्यावर शाळाशाळांतून, सभागृहांतून, भरतीच्या मैदानांतून विनापरवाना प्रयोग सुरू आहेत, त्या बिघडलेल्या भावाची नाईट कोणी बुडवली? वक्त्याला पाकीट, आयोजकाला फोटो, श्रोत्यांना पोहे, आणि कथानक पुरवणाऱ्याला शून्य. तेव्हा शासनाने, नगर परिषदेने नाहीतर निदान आपल्या तालुक्यातल्या मुख्याध्यापकांनी एक साधा नियम करावा. ‘दुसरा शिष्य’ म्हणून कांबळीचं उदाहरण देणाऱ्या प्रत्येक वक्त्याच्या पाकिटातून अर्धी रक्कम कापून त्याच्या खात्यावर पाठवावी. त्याच्या धावांबद्दल बोलणाऱ्याला मात्र संपूर्ण सूट.

नियम लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बघा. अख्ख्या तालुक्यातल्या वक्त्यांना वानखेडेवरच्या २२४ धावा चौकारांसकट आठवतील.